उलटे चेहरे

सतरा नंबरच्या कार्डावरची बाई—भुवया वर गेलेल्या, तोंड जरासं उघडं, बुबुळांभोवती पांढरं जास्त—डॉक्टरणीच्या हातात येऊन दोन मिनिटं झाली होती आणि अंगठ्याच्या घामानं कार्डाच्या कोपऱ्यावरचं प्लास्टिक सुटायला लागलं होतं. आश्चर्य की भीती? उत्तर मागे छापलेलं होतं, पण ते बघायचं नाही, असं सरांनी दोनदा बजावलं होतं. सर तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान. डॉक्टरांना सहानुभूती शिकवायला हॉस्पिटलनं त्यांना बोलावलं होतं आणि सगळा स्टाफ या वर्गाला 'कळवळ्याचा तास' म्हणत असे. बाकीचे मर्जीनं आले होते, निदान तसं दाखवत होते. तिला चौकशी समितीनं पाठवलं होतं.

"आमच्या पेशंटचं बरं असतं," शेजारचे हाडांचे डॉक्टर म्हणाले, "एक्स-रेमध्ये सगळेच दात काढून हसतात."

वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, "शिकता येतं हो हे. सायकलसारखं आहे. दोन-चारदा गुडघे फुटतात, मग येतं."

तिला येत नव्हतं. आश्चर्य, राग, किळस... सोळापैकी नऊ चुकली होती आणि खरं सांगायचं तर प्रत्येक चुकीबरोबर तिला जरा बरंच वाटत होतं. येतच नाही आपल्याला. रंगांधळ्या माणसाला हिरवा दिवा दिसला नाही, तर त्याचा काय दोष? सतराव्या कार्डाशी मात्र हात आपसूक फिरला, कार्ड उलटं झालं—कपाळ खाली, हनुवटी वर—आणि तिला ती एकदम वाचता आली.

"भीती," ती म्हणाली.

"मॅडम, उलटं धरलंय तुम्ही."

"मला असेच दिसतात."

यात विनोद काहीच नव्हता, तरी लोक हसले. भूल देणारा डॉक्टर टेबलाच्या डोक्याशी उभा असतो. बावीस वर्षं तिनं माणसांना उलटंच पाहिलं होतं, सुलटं पाहायची वेळ घरच्यांपुरती, आणि तिथे तरी काय उजेड होता? नवरा म्हणायचा, तुला माझा राग दुसऱ्या दिवशी कळतो, तोवर माझा मीच विसरलेला असतो. सरांनी उरलेली कार्डं उलटी करून तिच्यापुढे धरली. एकामागून एक बरोबर. शेवटची पाच तर तिनं सरांनी पुरती धरायच्या आतच सांगितली. "बघा, येतं की नाही!" सर म्हणाले, टाळ्या वाजल्या, आणि तिनं सतरावं कार्ड टेबलावर पालथं ठेवलं. येतं. येत होतं. म्हणजे त्या दिवशीही...

त्या दिवशी ऑपरेशनच्या टेबलावर शिवणकामावर पोट भरणारी एक बाई होती. यंत्रातलं भुलीचं औषध संपत आलंय, हे ध्यानात यायला सहा मिनिटं लागली—समितीच्या कागदावर एवढंच आहे. पण त्या सहा मिनिटांत ती बाई आतून जागी होती. अंग सैल पडायचं औषध दिलेलं, डोळ्यांवर पट्ट्या, नळी घशात. बोट हलवायची सोय नाही. शुद्धीवर आल्यावर तिनं सर्जन काय बोलत होते, ते शब्दन् शब्द सांगितलं: नव्या न्हाणीघराच्या फरश्या, निळ्या नकोत, बायकोला राखाडी हव्यात. तक्रारीत तिनं लिहिलं होतं, 'मला भूल दिली म्हणतात. भूल झाली कुणाची?' आणि खाली, जरा वाकड्या अक्षरात—'कुणीतरी माझा डोळा पुसला.'

कुणी पुसला, हे समितीनं विचारलं नाही. डॉक्टरणीनंही सांगितलं नाही.

पट्टीखालून पाणी आलं होतं. कानशिलावरून केसांकडे, म्हणजे तिच्याच दिशेनं ओघळलं होतं, आणि तिनं कापसाचा बोळा घेऊन ते टिपलं होतं, ओट्यावर सांडलेलं टिपावं तसं—हात सराईत, लक्ष फरश्यांच्या गप्पांकडे. दिसलं नाही, असं आजवर ती स्वतःला सांगत आली होती. पण दिसल्याशिवाय कुणी पुसतं का? मला दिसलं. मला कळलंसुद्धा असेल, आणि कळलेलं मी पुसून टाकलं... मग यापूर्वी किती? बावीस वर्षांत किती जणांचं असं टिपून बोळा बादलीत टाकला? सगळेच काही तक्रार लिहीत नाहीत. काही जण घरी जाऊन नुसतेच गप्प होत असतील.

साडेअकराला तिची पुढची केस होती.

हात धुण्याआधी तिनं यंत्रातलं औषध दोनदा पाहिलं होतं, तरी तिसऱ्यांदा पाहायला गेली. टेबलावर निवृत्त बस कंडक्टर, पित्ताशयाचे खडे, भरघोस मिशा. तिनं हातमोजे चढवले आणि नेहमीच्या जागी उभी राहिली. त्याचा चेहरा खाली, उलटा, अगदी स्वच्छ वाचता येण्यासारखा... तिनं वाचायचं टाळलं.

"मॅडम, मध्येच जाग तर नाही ना येणार?"

हे सगळेच विचारतात. "छे हो," हे तिचं उत्तर, सुई भरता भरता द्यायचं. आज तिनं सुई खाली ठेवली. तिनं नुसतं पाहिलं त्याच्याकडे, आणि तो खालून वर, तिच्या मास्कवरच्या दोन डोळ्यांकडे पाहत राहिला, चांगला दोन थांबे जातील इतका वेळ.

"राग मानू नका," तो हळूच म्हणाला, सिस्टरना ऐकू जाणार नाही इतकं. "तीस वर्षं तिकिटं फाडलीत मी. आज तुम्ही बिनतिकिटाच्या दिसताय."

तिला हसू आलं नाही. रडू येईल, असं मात्र वाटलं. तिनं मान हलवली, हो अशी.

"कुणी शिकवलं तुम्हाला हे?" तिनं विचारलं.

"शिकवतंय कोण? पकडायला जायचं, तर समोरच्याची छाती धडधडलेली आपल्याला इथं कळायची," त्यानं स्वतःच्या छातीकडे हनुवटी नेली. "निम्म्यांना सोडूनच द्यायचो." मग, "भीती मलाही वाटतेय. पण तुम्हाला वाटतेय, हे बरं आहे. घाबरट ड्रायव्हर जपून चालवतो; आम्ही त्याच्या गाडीवर ड्युटी मागून घ्यायचो."

"मी बाजूला होणार नाही," ती म्हणाली. बावीस वर्षांत असं काही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"हं. चला मग," तो म्हणाला, आणि तिनं दुधासारखं पांढरं औषध हळूहळू सोडलं. त्याची नजर तिच्या डोळ्यांवर होती ती सुटली, पापण्या पडल्या, मिशीखालचे ओठ सैल झाले. खोलीत सर्जन होते, दोन सिस्टर होत्या, कुणीतरी पंख्याच्या आवाजाबद्दल बोलत होतं. तिच्या मनात काय चाललंय, हे यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ज्याला कळलं होतं, त्याला तिनंच आत्ता आपल्या हातानं झोपवलं होतं.

तिनं स्टूल पुढे ओढलं. खाली तो चेहरा, काहीही न सांगणारा. ती त्याच्याकडे बघत बसली, आणि नजर हटवायची तिची छाती होईना.