जाड तोटी

जव्हार संस्थानात फटफटीची नाडी कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे जिवा. हे जिवा स्वतःच सांगायचा, कुणी विचारायची वाटही बघायचा नाही. खोटं नव्हतं म्हणा. मोठं युद्ध संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली एक फटफटी दरबारानं लिलावात घेतली आणि ती बैलगाडीतून आली, तीही पोत्यांत. चाकं एका पोत्यात, इंजिन दुसऱ्यात, उरलंसुरलं तिसऱ्यात. दरबारच्या गाडीखान्यात बग्ग्यांची चाकं नीट करणाऱ्या जिवानं ती पोती उघडली आणि अख्खा पावसाळा त्यांच्यात घातला.

त्या पावसाळ्यात भाताची लावणी त्याच्या बायकोनं, गौरानं, एकटीनं केली. नागलीही तिनंच लावली. जिवा घरी यायचा तो तेलानं माखलेला, आणि जेवताना बोलायचा ते फटफटीबद्दल. शेवटी गौराचं डोकं फिरलं. तिनं गाठोडं बांधलं आणि पाड्याला ऐकू जाईल असं सुनावलं, "त्या लोखंडाशीच संसार कर! तुझी फटफटी माझ्या बापाच्या दारात आली आणि मला बसवून घरी घेऊन आली, तरच येईन. नाय तर नाय!"

ती मोखाड्याला माहेरी निघून गेली. जिवा चारचौघांत हसला, पण घरात भाकरी त्याला गोड लागेना. आता फटफटी चालायलाच हवी होती.

सगळं जुळलं, अडलं ते हवा नि पेट्रोल मिसळणाऱ्या कारबोरेटरपाशी. त्यात एक तोटी बसते, मण्याएवढी, पितळेची, मधोमध केसासारखं भोक. त्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळतं. भोक मोठं झालं तर इंजिन ओकतं, लहान झालं तर उपाशी राहतं. पोत्यातल्या डबीत अशा तोट्या आल्या होत्या, बारीक, मधली आणि जाड. जिवानं मधली लावली. इंजिन थोडं चालवून प्लग काढून बघितला तर काजळी धरलेला, तव्याच्या बुडासारखा.

"हात्तिच्या! खालच्या मुलखातली तोटी इथं कशी चालेल?" तो गाडीखान्याच्या कारभाऱ्यांना म्हणाला. "आपलं जव्हार डोंगरावर, साहेब. हवा विरळ. हवा कमी, तर पेट्रोलही कमीच द्यायला पायजे."

त्यानं बारीक तोटी लावली. प्लग निघाला तो भाजलेल्या नागलीच्या रंगाचा, अगदी पाहिजे तसा. जिवानं मांडीवर थाप मारली.

"आणि ती जाड कुठंय?" कारभाऱ्यांनी डबी बघत विचारलं.

डबीत जाड तोटी नव्हती. जिवानं पोती झटकली, खिसे उलटे केले. मग छाती पुढं काढून म्हणाला, "गेली तर गेली! तिचं इथं काम काय? जव्हारात जाड तोटी लागली तर मी मिशी उतरवीन." कारभारी हसले आणि मोखाड्यापर्यंत चाचणीला जायची परवानगी त्यांनी देऊन टाकली.

काय दिमाखात गेला तो! सासऱ्याच्या दारात फटफटी थांबली तेव्हा अख्खा पाडा गोळा झाला. गौरा गाठोडं घेऊनच बाहेर आली. हसू दाबत होती, पण दबत नव्हतं. जिवा आत जेवायला बसला. सासरा लहान्या बाहेर फटफटीपाशी काहीतरी पुटपुटत होता. पूजा करत असेल म्हणून जिवानं लक्ष दिलं नाही.

निघाले. उतार छान गेला. ओढा ओलांडला, चढ लागला आणि फटफटी शिंकली. एकदा, दोनदा, मग कारबोरेटरमधून फाडकन उलटी शिंक, आणि बंद!

गौरा उतरली आणि दगडावर बसली. "ढकलत नेणार असशील तर मी अशीच मागं फिरते. बोलले ते बोलले."

 जिवानं टाकीचं झाकण काढलं. गौरानं नाक पुढं केलं आणि खो खो हसत सुटली.

"अगं हसतेस काय?"

"मोहाची हाय रे! पहिल्या धारेची! पाहुणा पयल्यांदा दारात आला. दोन थेंब देवाला सांडून त्याला पाजल्याबिगर माझा बा सोडतो व्हय?"

"मामांनी माझ्या फटफटीला दारू पाजली?" जिवा ओरडला. "च्यायला, माणूस आहे का ती!"

शिव्या देऊन झाल्या. मग त्यानं टाकीच्या तळाचं पाणचट सोडून दिलं, पण उरलेल्या पेट्रोलातही मोह भिनला होताच. गाडी सुरू झाली आणि पुन्हा शिंकायला लागली. त्यानं कारबोरेटरच्या तोंडावर तळवा धरला. हवा कमी झाली तशी फटफटीला दम आला. तळवा काढला की मेली. जिवाच्या ध्यानात आलं.

"उपाशी हाय ती. मोहाची जास्त प्यावी लागते तिला. बारकं भोक पुरत नाय." मग त्याचा आवाजच बसला. "जाड तोटी पायजे होती, गौरा. आणि ती हरवली. वर मी मिशीची पैज मारून बसलोय."

 मान खाली घालून गौरानं गळ्यातली पोत काढली. काळ्या मण्यांच्या मध्ये एक पितळी मणी होता. तिनं दोरा दातानं तोडला आणि मणी त्याच्या तळव्यावर ठेवला. जाड तोटी!

"तू चोरलीस?"

"तू घरी आणायचास त्या डबीतला सगळ्यात मोठा मणी. मला वाटलं, ह्योच तिचा जीव असंल. तुझी फटफटी कधी चालूच नये म्हणून नेला होता." तिनं डोळे पुसले. "आता चालावी म्हणून देते. पटकन बसव, मला घरी जायचंय."

जिवानं बारीक तोटी काढली. तिच्या जागी जाड बसवली. फटफटी खाकरली आणि चढ चढून गेली. मागं गौरा दोन्ही हातांनी त्याला धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी जिवा बिनमिशीचा कामावर आला. टाकी धुतली, बारीक तोटी पुन्हा लावली. जाड तोटी मात्र डबीत गेली नाही. त्यानं स्वतः नवा दोरा घेऊन ती गौराच्या काळ्या मण्यांत ओवली.

"ती गाडीच्या सामानात ठेवावी," कारभारी म्हणाले. "पुन्हा मोखाड्याला जाल तेव्हा?"

"सासरा पुन्हा पाजणारच, साहेब," जिवा म्हणाला. "तोटी गौराच्या गळ्यात राहू द्या. तिला घेतल्याशिवाय मी कुठं जाणार आता?"