भरकटलेलं माप

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. पण सगळी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली, आणि ते बाजारात दिसले की भल्याभल्यांचे चेहरे पांढरे पडायचे, म्हणून हे नाव चिकटलं ते कायमचं. बायकोने आयुष्यात कधी वजन हातात धरलं नाही, तरी ती फुकटात काटेबाई झाली. निवृत्तीनंतर साहेबांना तपासायला दुकानं उरली नाहीत. मग दूरच्या शहरातल्या लेकाने आईच्या धडधडीसाठी मोबाईलच्या पाठीला लावायची एक छोटी पट्टी पाठवली, आणि साहेबांना नवं दुकान मिळालं. ते म्हणजे बायको.

पट्टीवर दोन्ही हातांची बोटं टेकवून गप्प बसायचं, की पडद्यावर हृदयाची रेघ उमटायची. ती डॉक्टरबाईंकडे पाठवायची, आणि त्या आठवड्याने व्हिडिओवर बोलायच्या. हॉस्पिटलच्या रांगेपेक्षा हे बरं, असं सुरुवातीला काटेबाईंनाही वाटलं होतं. पण मोजण्याआधी जिना चढायचा नाही, मोजताना बोलायचं नाही, मोजल्यावर लगेच उठायचं नाही. शेजारणीकडे निघावं तर "आता मापाची वेळ होईल, बस जरा." मोबाईलही उघडायचा तो साहेबांच्याच चेहऱ्याने. स्वतःच्या काळजाची खबर काटेबाईंना नवऱ्याच्या तोंडून कळायची.

आणि ती नेहमी चांगलीच असायची. त्यांना कोडं पडायचं ते याचंच. अधूनमधून छातीत असं काही फडफडायचं की भिंत धरावी लागायची.

"अहो, आत्ता परत झालं."

"रेघ व्यवस्थित आहे. तू उगाच मनाला लावून घेतेस."

डॉक्टरबाईही म्हणाल्या, रेघा छान आहेत, धडधडीची गोळी अर्धी करू. त्यानंतर काटेबाईंनी सांगणंच सोडलं. आपल्याच छातीबद्दल आपला शब्द चालत नसेल, तर तोंड वाजवून काय उपयोग? त्या मनातून पार घाबरल्या होत्या, पण त्या घरात घाबरायचीही चोरी होती.

पुढच्या वेळी डॉक्टरबाई म्हणाल्या, "आज माझ्यासमोरच एकदा मोजा."

काटेबाईंच्या छातीत नेमकी तेव्हाच फडफड चालू होती. त्यांनी बोटं टेकवली. रेघ कुठे दाट, कुठे विरळ, नुसती सैरावैरा पळाली. साहेबांनी ती तिथल्या तिथे पुसून टाकली.

"ही धरू नका, डॉक्टर. भरकटलीय. दुसरी घेतो."

"काका, काय केलंत?"

साहेब अभिमानाने समजावू लागले. माप तीनदा घ्यायचं. जुळतात ती दोन खरी, उरलेलं भरकटलेलं, ते फेकायचं. रोज असंच करून मग पाठवतो. उभ्या नोकरीत कुणाला बोट ठेवायला जागा दिली नाही.



"काका, काकूंचं हृदयच अधूनमधून भरकटतंय. तुम्ही फेकत होतात तोच आजार आहे. आत्ताच्या आत्ता त्यांना हॉस्पिटलमध्ये न्या. मी तिथे कळवून ठेवते."

फोन बंद झाला. काटेबाईंना रडू फुटलं, पण ते सुटकेचं होतं. कुणीतरी त्यांना खरं मानलं होतं. त्यांनी पिशवी भरली, चपला घातल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. साहेब मात्र खुर्चीतून हलेनात.

"जाऊ ना," ते म्हणाले. "आधी आणखी दोन घेऊ."

"अहो, त्यांनी सांगितलं ना आत्ता."

"एका मापावर ठपका ठेवायचा नसतो. मी कधी ठेवला नाही." बोलता बोलता त्यांचा आवाज कातर झाला. "तुझ्यावर कसा ठेवू?"

काटेबाईंना तेव्हा कळलं की हा माणूस नियमाला धरून नव्हता, नियमामागे लपला होता. संताप आला, आणि त्यामागोमाग कीवही आली. तीन जिने उतरायचे होते. अशा छातीने, त्यांच्या हाताशिवाय, ते जमणारं नव्हतं. त्या परत येऊन बसल्या.

त्यांनी बोटं टेकवली. फडफड कुठल्या कुठे गेली होती. रेघ सरळ, नीटनेटकी आली.

"बघ," साहेबांचा चेहरा उजळला. "मघाची एक आणि ही एक. आता तिसरी काय म्हणते त्यावर ठरवू."

त्यांनी पट्टी पुन्हा पुढे धरली. काटेबाईंनी बोटं टेकवली, डोळे मिटले, आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे आजार मागितला.