झोपवलेले लाल दिवे

"मॅडम, ते लाल झोपवा आधी. साहेब मंडळी जिंतूरहून निघाली," ओमप्रकाश सर दारातूनच म्हणाले.

विजयमालाने माउस हातात घेतला खरा, पण बटण दाबलं नाही. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा होता आणि पडद्यावर परभणी जिल्हा पसरला होता. गावोगावचे राउटर म्हणजे हिरवे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा म्हणजे हिरव्या रेघा. त्यातली पाथरीकडची एक रेघ सकाळपासून लाल होऊन लुकलुकत होती आणि घंटी वाजत होती.

"ऐकलं का मॅडम?"

"ऐकलं," ती म्हणाली आणि रेघ झोपवली. घंटी थांबली. रेघ पुन्हा हिरवी दिसू लागली. वाट मात्र तुटलेलीच होती.

ही झोपवण्याची भानगड काय ते सांगायला हवं. दवाखाना, बँक, तहसील, सगळ्यांची माहिती या राउटरांमधून जाते. पहिला राउटर माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्यावर एक लेबल चिकटवतो. पुढचे राउटर गठ्ठा उघडून बघायच्या फंदात पडत नाहीत, लेबल पाहतात आणि ठरलेल्या वाटेने पुढे ढकलतात. आणि या सगळ्या राउटरांची विचारपूस करायची, हे विजयमालाच्या खोलीतल्या सर्व्हरचं काम. एसएनएमपी नावाची एक ठरलेली भाषा आहे. त्या भाषेत तो दर थोड्या वेळाने प्रत्येकाला विचारतो, आहेस का, ओझं किती आहे, कुठली वाट बंद पडली? राउटर बापडे खरं ते सांगतात. वाट तुटली तर विचारण्याचीही वाट पाहत नाहीत, आपण होऊन ओरडतात. यंत्रात खोटं बोलायची सोय नव्हती. ती माणसांनी करून घेतली.

सुरुवात साधी होती. उन्हाळ्यात खेड्यांतली वीज गेली की राउटर बंद पडायचे आणि त्यांच्या नावाने घंटी दिवसभर वाजायची, कान किटून जायचे. वीज येईपर्यंत तेवढी घंटी बंद ठेवायची, याला खोलीतल्या लोकांनी नाव दिलं झोपवणं. मग ओमप्रकाश सरांच्या लक्षात आलं की प्रत्येक गावाला दोन वाटा आहेत. एक तुटली तर ओझं आपोआप दुसरीवरून जातं, गावाचा ठिपका हिरवाच राहतो आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. मग तुटलेली जोडायची घाई कशाला? गाडी काढा, डिझेल जाळा, माणसं पाठवा, त्यापेक्षा झोपवा. असं करता करता निम्मा जिल्हा एका पायावर उभा होता आणि भिंत हिरवीगार होती.

आणि झोपवणारा हात विजयमालाचा होता. नोकरीला लागली तेव्हा मुलगी कडेवर होती, आता ती नांदेडला नर्सिंगला आहे. एवढी वर्षं सांगितलं ते केलं, आणि आज तिला स्वतःचीच चीड येत होती. सरांची तर येतच होती.

बाहेर पायरीवर बजरंग बसला होता. बजरंग कंपनीचा केबलवाला, तिच्या माहेरचा, पेडगावचा. पेडगाव ते सेलू केबल सांभाळायची, तुटली की जोडायची, हे त्याचं काम. त्याचे आईबाप, भाऊ, सगळे दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. तोही गेला होता, उसाच्या पाचटात वाढला होता. या नोकरीमुळे त्याच्या घराच्या दाराला हिवाळ्यात कुलूप लागायचं थांबलं होतं. दगडाबाई, त्याची बायको, त्याचीच बढाई मारायची. आमच्या लेकरायनी गावातच शाळा केली, म्हणायची.

आज त्याला बोलावलं होतं ते हिशेब मिटवायला. मोठ्या ऑफिसातून दिनकरराव येणार, चौकशी करणार, आणि खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं ते आधीच ठरलेलं होतं.

झालं होतं असं. उन्हाळ्यात रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने पेडगावच्या पुलाजवळ केबल तोडली. बजरंगने त्याच दिवशी विजयमालाला फोन केला.

"विजू, आपल्या पुलापाशी केबल तुटून लोंबकळायली बग. गाडी अन् जोडायची मशीन धाड. आजच्या आज करून टाकतो."

तिने सरांना सांगितलं. सर म्हणाले, "गिऱ्हाइकाला कळलं का? न्हाई ना? मग तुटली कशाला म्हणायची? झोपवा."

तिने झोपवली. बजरंगने मग पुन्हा पुन्हा फोन केले. शेवटी त्याने केबलच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, पाणी शिरू नये म्हणून ती दगडांवर उचलून ठेवली आणि पावसाळाभर येता-जाता पिशव्या बदलत राहिला. "टोकं वली झाली की केबल बाद व्हती माय," म्हणायचा. "आज न्हाई उद्या जोडायचीच हाय ना."

पोळ्याच्या सुमारास जिंतूरकडच्या वाटेवर बाभळ पडली आणि दुसरीही वाट गेली. मग मात्र ठिपकेच लाल झाले. धरणाकडची गावं एकदम तुटली. त्या दुपारी तिकडचे सूर्यभान मास्तर छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात गेले. त्यांच्या हृदयाचा आलेख काढला, पण तो शहरातल्या डॉक्टरांकडे जाईना. वाट पाहून पाहून शेवटी जीपमध्ये घालून परभणीला आणायला निघाले. मास्तर वाटेतच गेले.

पेपरात बातमी आली. जिंतूरची बाभळ देवाने पाडली असं म्हणता येत होतं. पण पेडगावची वाट का जोडली नाही, याला उत्तर लागत होतं. ओमप्रकाश सरांनी ते शोधून काढलं. लाइनमनने, म्हणजे बजरंगने, खबरच दिली नाही.

"तुम्हाला फक्त मान हलवायची," काल त्यांनी विजयमालाला समजावलं होतं. ते आवाज चढवत नसत, हेच त्यांचं वाईट. "साहेब विचारतील, फोन आला होता का. नव्हता. बस. फोन तुम्हालाच येतात, दुसऱ्या कुणाला म्हाईत न्हाई. आपल्या सगळ्यांची नोकरी वाचते. बजरंगचं काय, त्याला कुठंबी काम मिळल."

"कुठं मिळंल?"

 ती आणि सर, दोघंही याच जिल्ह्यातले होते. कुठं मिळेल ते दोघांनाही ठाऊक होतं.

दिनकरराव आले. पांढरा शर्ट, बरोबर दोन माणसं. सरांनी त्यांना भिंतीसमोर उभं केलं आणि हाताने जिल्हा दाखवला. "सगळं हिरवं आहे सर. तेवढी एक घटना सोडली तर."

दिनकररावांनी मान डोलावली. मग बजरंगला आत बोलावलं. तो चपला बाहेर काढून आला आणि दाराशीच उभा राहिला. त्याने कोणाकडेच पाहिलं नाही, भिंतीकडे पाहत राहिला. आपली पेडगाव-सेलू रेघ त्याने शोधून काढली असावी. ती हिरवी होती.

"केबल तुटल्याचं तुम्ही कळवलं नाही," दिनकरराव म्हणाले.

"कळवलं साहेब. दहादा कळवलं."

"कोणाला?"

 बजरंगने विजयमालाचं नाव घेतलं नाही. गावची लेक होती, तिच्या पोटावर पाय कसा द्यायचा, असा त्याचा हिशेब असणार. तो खाली मान घालून उभा राहिला आणि ते पाहून विजयमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस स्वतः बुडत होता आणि तिला वाचवत होता. आणि ती खुर्चीत बसून मान हलवणार होती.

"मॅडम," सर मऊ आवाजात म्हणाले, "तुम्हाला असा काही फोन आला होता का, साहेबांना सांगा."

विजयमालाने मान हलवली नाही. तिने माउस ओढला, झोपवलेल्यांची सगळी यादी पडद्यावर निवडली आणि एका दमात सगळ्यांना जागं केलं.

पेडगाव-सेलू आधी लाल झाली. मग पाथरीकडची. मग पूर्णेची, सोनपेठची, गंगाखेडच्या पलीकडची. रेघांमागून रेघा लाल होत गेल्या आणि घंट्या एकीत एक मिसळून असा कालवा झाला की दिनकररावांबरोबरच्या एकाने कानावर हात ठेवला.

"हा तुमचा जिल्हा," ती घंट्यांच्या वरताण आवाजात म्हणाली. "बजरंगदादानं फोन केला, मला केला. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले झोपवा, मी झोपवलं. मास्तर गेले त्यात माझा हात हाय, सरांचाबी हाय. ह्यांचा न्हाई. ह्यांनी तर पावसात त्या केबलला पिशव्या बांधल्या."

 तिला रडायचं नव्हतं, रडली नाहीही. ओमप्रकाश सरांचा चेहरा उतरला होता. ते दिनकररावांकडे पाहत होते आणि तीही पाहत होती. आता हा माणूस काहीतरी म्हणेल, सरांना विचारेल, निदान खाली बसेल, असं तिला वाटलं.

दिनकररावांनी घड्याळ पाहिलं.

"हे आधी हिरवं करा," ते सरांना म्हणाले. "चार वाजता गिऱ्हाईक भिंत बघायला येतंय."

तेव्हा तिला कळलं की वरपर्यंत सगळ्यांना सगळं माहीत होतं. आधीच माहीत असलेल्या माणसांना ती ओरडून सांगत होती. राग आता असा दाटून आला की ओरडावंसंही वाटेना.

"मॅडम, ऐकलं ना," सर म्हणाले.

"तुमीच करा," विजयमाला म्हणाली आणि खुर्ची मागे सारून उठली. गळ्यातलं कार्ड काढून तिने कळफलकावर ठेवलं. सर तिच्या खुर्चीत बसले आणि झोपवायला लागले. ती आणि बजरंग दाराबाहेर पडेपर्यंत घंट्या थांबल्या होत्या.

बाहेर येऊन बजरंग चपला घालत बराच वेळ वाकून राहिला.

"कामून बोललीस माय? माझं तर जायचंच व्हतं. तुजं बी घालवलंस. पोरीचं कॉलेज हाय तुज्या."

"तुमी कामून गप बसला, दादा? माझं नाव घ्यायचं होतं."

"घेऊन काय झालं असतं?"

 नाव घेऊनही काही झालं नव्हतं, ते दोघांनी आत्ताच पाहिलं होतं.

"तू बोललीस ना," तो म्हणाला, "ते मात्र लय बरं वाटलं बग. खोटं न्हाई सांगत." मग तो बस स्टँडकडे चालू लागला. पकड, हातमोजे, कंपनीचा टॉर्च, सगळं तो सकाळीच जमा करून आला होता. त्याचे हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

विजयमालाला पुढे एका झेरॉक्सच्या दुकानात काम मिळालं. भिंतीवरच्या जिल्ह्याची चौकशी करायची नाही असं तिने ठरवलं होतं, पण जिंतूरची वाट जोडली आणि धरणाकडचे ठिपके पुन्हा हिरवे झाले, एवढं तिच्या कानावर आलंच.

दिवाळीला ती माहेरी गेली. दगडाबाईसाठी पिशवीत थोडा फराळ घेतला होता. बजरंगच्या दाराला कुलूप होतं आणि उंबऱ्यावर बोरीच्या काट्या लावल्या होत्या. शेजारच्या कुसुमबाई म्हणाल्या, "गेले की दसऱ्यालाच. टरक आला न् गेले. दगडी लय रडली. अन् ह्यो बाबा, टरक हॉर्न मारायलाय तरी ह्याचा पत्ता न्हाई. पुलाकडं गेलता म्हनं. काय ठिवलं तिथं द्येव जाणे."

विजयमाला परत निघाली तेव्हा पुलापाशी तिने रिक्षा थांबवली आणि उतार उतरून खाली गेली. केबल तशीच तुटलेली होती. दोन्ही टोकं दगडांवर उचलून ठेवली होती. त्यांना कोऱ्या पिशव्या बांधल्या होत्या आणि पिशव्यांवरून हिरव्या लुगड्याच्या चिंध्या गच्च आवळल्या होत्या, नीट गाठ मारून. एका बाजूचा दगड जरा घसरला होता.

फराळाची पिशवी खाली ठेवून तिने तो दगड पुन्हा टोकाखाली सरकवला.