चोपन्न दिवसांत एकोणीस वेळा

इस्पितळाच्या धुलाईघरात ती विसाव्या वर्षी लागली, तेव्हा तिथल्या बायकांत सगळ्यांत लहान तीच, म्हणून सगळ्या तिला धाकटी म्हणू लागल्या. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती, गुडघे कुरकुरत होते, लेक कॉलेजात जात होती, तरी धाकटी ती धाकटीच राहिली.

धुलाईघरात एकूण नऊजणी. कुणी मशिनवर, कुणी इस्त्रीच्या रोलरवर, कुणी घड्या घालायला. काम जड असलं तरी सवयीचं होतं. नको असायची ती एकच गोष्ट, तळघरातली भिजवणी. वॉर्डातून आलेल्या रक्ताने माखलेल्या चादरी तिथे आधी झटकायच्या, मग ब्लीचच्या टाकीत बुडवायच्या. तो वास घरी जेवायला बसलं तरी नाकातून जात नसे, आणि हातमोजे घालूनही बोटांना भेगा पडत. या भिजवणीवरून पूर्वी रोज जुंपायची. शेवटी मुकादमाने तोडगा काढला. नऊ नावांच्या नऊ चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या. रोज सकाळी तो डबा हलवायचा, डोळे मिटून एक चिठ्ठी काढायचा, नाव वहीत लिहायचा आणि चिठ्ठी परत डब्यात टाकायचा. जिचं नाव निघेल ती त्या दिवशी तळघरात.

"इथे वशिला चालत नाही," मुकादम अभिमानाने सांगायचा. माणूस तसा सरळ होता. भांडणं मिटली होती हेही खरंच.

त्या आठवड्यात सोमवारी धाकटीचं नाव निघालं. मंगळवारी निघालं. बुधवारी पुन्हा निघालं तेव्हा रोलरवरची तिची जोडीदारीण फस्सकन हसली.

"तुझं नशीबच तसलं गं! तळघरानं तुला दत्तकच घेतलंय."

धाकटी हातमोजे चढवून तळघराकडे वळली. पण त्या संध्याकाळी वर्गात पेन धरताना अंगठ्याची भेग उलली आणि वहीवर रक्ताचा ठिपका पडला.

हा वर्ग म्हणजे तिच्या लेकीने मागे लावून दिलेलं काम. आठवीत सुटलेली शाळा धाकटीने या वयात पुन्हा धरली होती आणि ती दहावीला बाहेरून बसणार होती. संध्याकाळच्या वर्गाच्या बाई तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्या धाकटीला काकू म्हणत आणि धाकटी त्यांना बाई म्हणे. गणितातला संभाव्यतेचा धडा नुकताच सुरू झाला होता. धाकटीला तो आवडला, कारण त्यात आधी नुसतं मोजायचं होतं. एकूण काय काय घडू शकतं ते मोजा, त्यातलं आपल्याला हवं ते किती ते मोजा, आणि भागा.

वर्ग सुटल्यावर ती बाईंच्या टेबलाशी थांबली आणि चिठ्ठ्यांची हकिगत सांगितली.

"नऊ चिठ्ठ्या, म्हणजे माझी निघायची शक्यता एक नवमांश. तीन दिवस ओळीने म्हणजे एक नवमांश गुणिले एक नवमांश गुणिले एक नवमांश. सातशे एकोणतीसात एकदा! बाई, यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे."

"गुणाकार बरोबर आहे, काकू. पण निकाल लावायची घाई नको," बाई म्हणाल्या. "ही शक्यता तुमच्याच नावाची झाली. तीन दिवस ओळीने कुणाही एकीचं नाव निघालं असतं, तर ती इथे येऊन हेच म्हणाली असती. तुम्ही नऊजणी. मग नऊ भागिले सातशे एकोणतीस."

धाकटीने वहीच्या कोपऱ्यात भागाकार केला. "एक्क्याऐंशीत एकदा."

"आणि चिठ्ठ्या रोज निघतात. वर्षभरात ओळीने तीन दिवसांचे कितीतरी तुकडे पडतात. त्यातल्या एखाद्या तुकड्यात असं झालं तर नवल नाही. एवढ्यावर कुणाला चोर म्हणू नका. खरं काय ते बघायचं असेल तर पुष्कळ दिवस मोजा."

धाकटी जरा खट्टू झाली. पण घरी पोचेपर्यंत तिने मनाशी पक्कं केलं होतं, की आता मोजायचंच.

मुकादमाची वही खिळ्याला टांगलेली असे आणि ती कुणीही उघडून बघावी. जेवणाच्या सुट्टीत धाकटी डब्यातली पोळी एका हाताने खात, दुसऱ्या हाताने नावं उतरवून घेऊ लागली. चार दिवस लागले. मग पाच-पाचच्या जुड्या करून तिने बेरीज मांडली. गेल्या चोपन्न दिवसांत तिचं नाव एकोणीस वेळा निघालं होतं. चोपन्न भागिले नऊ, म्हणजे साधारण सहा वेळा निघायला हवं. त्याच्या आधीच्या चोपन्न दिवसांत मात्र ते पाच वेळा होतं. म्हणजे मधेच कुठेतरी काहीतरी बिघडलं होतं.

लेकीने आकडे पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आई, सहाऐवजी आठ-नऊ झाले असते तर मी सोड म्हणाले असते. पण एकोणीस?"

"नुसत्या योगायोगाने किती होऊ शकतात, ते कसं कळायचं?"

"काढूनच बघू."

मायलेकींनी वहीचा एकच कागद फाडून नऊ सारख्या चिठ्ठ्या केल्या आणि त्या डाळीच्या रिकाम्या बरणीत टाकल्या. लेक काढायची, धाकटी खुणा करायची. चोपन्न वेळा काढल्या की एक फेरी. चार संध्याकाळी त्यांनी वीस फेऱ्या केल्या, म्हणजे एक हजार ऐंशी वेळा चिठ्ठी काढली. लेक दुसऱ्या दिवशीच वैतागली होती. "हात दुखला गं आई, पुरे झालं!" धाकटी ढिम्म हलली नाही. "वीस म्हणजे वीस." सगळं झाल्यावर वीस फेऱ्यांत कुणाही एका नावाचा सगळ्यांत मोठा आकडा निघाला बारा, आणि तोही एकदाच. एकोणीसच्या आसपासही काही फिरकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाने डबा उचलला, तशी धाकटी पुढे झाली.

"मुकादम, आज चिठ्ठी काढायच्या आधी मला बोलायचंय. हा डबा सगळ्यांना सारखा नाही. चोपन्न दिवसांत एकोणीस वेळा मी खाली गेले."

मुकादमाचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी लबाडी करतो? सगळ्यांच्या तोंडावर माझ्यावर आळ घेतेस?"

"तुमच्यावर नाही. मी डब्याबद्दल बोलतेय. त्याची एकदा परीक्षा घेऊ."

"दोन बुकं शिकलीस आणि मलाच शिकवायला निघालीस!" तो गुरकावला. "आज कुणाची निघते बघू." त्याने डोळे मिटले आणि चिठ्ठी काढली. ती धाकटीचीच निघाली. कुणी हसलं नाही.

धाकटी निमूटपणे तळघरात गेली, सगळ्या चादरी झटकल्या, टाकी भरली. जेवणाच्या सुट्टीत ती भिजक्या कपड्यांनिशी वर आली आणि पुन्हा मुकादमासमोर उभी राहिली.

"मी काम सोडून भांडत नाहीये. माझं काम केलंय. आता अर्धा तास माझा. मी डब्याला हात लावणार नाही. या आठजणी आणि तुम्ही, नऊजणांनी डोळे मिटून दहा-दहा वेळा चिठ्ठी काढायची. नव्वद चिठ्ठ्या झाल्या की प्रत्येकीच्या वाट्याला दहाच्या आसपास याव्यात. तशा आल्या तर मी सगळ्यांदेखत तुमची माफी मागेन आणि पुन्हा या विषयावर चकार शब्द काढणार नाही."

सगळ्यांत वयस्कर बाई, जिला त्या मावशी म्हणत, घड्यांच्या टेबलावरून उठली. "आणा तो डबा. सोक्षमोक्ष लावून टाकू एकदाचा."

मुकादमाचा नाइलाज झाला. पहिल्या दहा त्यानेच काढल्या. मग डबा हातोहात फिरू लागला. चिठ्ठी काढायची, नाव मोठ्याने वाचायचं, चिठ्ठी घडी करून परत टाकायची, डबा हलवायचा. धाकटी पुठ्ठ्यावर रेघा ओढत होती. पन्नासपर्यंत कुजबुज चालू होती, पण सत्तरनंतर आवाज थांबले. धाकटीच्या नावापुढच्या जुड्या सगळ्यांना लांबूनही दिसत होत्या. नव्वदाव्या चिठ्ठीला तिने मोजल्या. एकतीस झाल्या होत्या.

मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. "देवाशप्पथ सांगतो, मी मुद्दाम काही…"

"तुम्ही नाहीच," धाकटी म्हणाली. "तुमच्या दहांत तीन निघाल्या, मावशींच्या दहांत चार. कुणीही काढली तरी तेच होतंय."

मावशीच्या हातात शेवटची चिठ्ठी अजून होती, आणि ती धाकटीचीच होती. तिने ती दोन बोटांत चोळली, मग डब्यातली दुसरी काढून चोळली. "अगं, ही बघ. बाकीच्या हाताळून हाताळून लुळ्या पडल्यात. ही आहे खोक्याच्या पुठ्ठ्याची. घडीच बसत नाही हिची, फुगून वरच राहते. बोटाला आधी हीच लागते."

मुकादमाने चिठ्ठी घेतली आणि उलटीपालटी करून पाहिली. त्याला आठवलं. धाकटीची जुनी चिठ्ठी पाण्यात पडून लगदा झाली होती, तेव्हा हाताशी असलेला साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याने नवी केली होती. त्याने वही चाळली. बरोबर दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. "चुकलं माझं," तो म्हणाला. हे सगळ्यांसमोर म्हणणं त्याला जड गेलं, पण तो म्हणाला.

मग गाठोड्यांना लावायचे ॲल्युमिनियमचे बिल्ले पुढे आले. ते एकाच साच्यातले होते, एक ते नऊ नंबरांचे. डब्यात आता तेच टाकायचं ठरलं.

"चला, मिटलं," जोडीदारीण म्हणाली. "आणि तुला आता काळजी नाही. एवढ्या वेळा जाऊन आलीस, आता महिना-दोन महिने तुझा नंबर येणार नाही."

"बिल्ल्याला काय माहीत मी किती वेळा गेले ते? उद्याही येईल, परवाही येईल," धाकटी म्हणाली. "म्हणून ते आपणच ठरवायला हवं. सहा वेळा जायचं होतं, एकोणीस वेळा गेले. तेरा वेळा जास्त. आता तेरा वेळा माझा बिल्ला निघाला की तो परत टाकून दुसरा काढायचा."

जोडीदारणीने नाक मुरडलं. "म्हणजे भुर्दंड आम्हाला! आम्ही काय केलं?"

"तुम्ही काही केलं नाहीत. पण ते तेरा दिवस तुम्ही वर होतात आणि मी खाली होते." तिने दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या भेगांत ब्लीचने पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. "तेरा दिवस आठजणींत वाटले तर एकीच्या वाट्याला दोनसुद्धा येत नाहीत."

मग मावशीने हात वर केला. तिच्यामागून एकेक करत सहा हात वर गेले. जोडीदारणीचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, तोही कोपरापर्यंतच. मुकादमाने ठरल्याप्रमाणे वहीत लिहिलं आणि खाली सही केली.

परीक्षेला सात आठवडे उरले होते. तेवढ्या दिवसांत धाकटीचा बिल्ला सहा वेळा निघाला आणि सहाही वेळा मुकादमाने तो परत टाकला. तिच्या बोटांवर नवी कातडी आली. ती रोज पहाटे तासभर गणितं सोडवत होती. भूमितीने तिला शेवटपर्यंत छळलं.

निकालाच्या दिवशी लेकीने फोनवर गुण वाचून दाखवले. गणितात अठ्ठावन्न, बाकीच्या विषयांत त्याहून बरे. धाकटीने दोनदा वाचायला लावलं, डोळे पुसले आणि नेहमीच्या वेळेला कामावर गेली. धुलाईघरात मावशीने तिला कडकडून मिठी मारली. जोडीदारणीने "आता आम्हाला विसरू नकोस हं बाई" असा टोमणा मारला, आणि मग रोलर थांबवून तिचा हात घट्ट धरून ठेवला.

दुपारी ती मुकादमाकडे गेली. "पुढल्या महिन्यापासून शनिवारी दोन तास लवकर सोडाल का? अकरावीचा अर्ज भरतेय."

मुकादमाने तिच्याकडे पाहिलं, वही ओढली आणि विचारलं, "दोन तास पुरतील का तुला?"