जिभेवरच्या मुंग्या

डब्यातला गाजराचा कीस तिने चमच्याने निवडून काढला आणि झाकणात ठेवला. कचेरीत समोर बसलेला, तिच्या मोजण्यांवरून नकाशे काढणारा आरेखक बघत होता.

"आजही?"

"आजही."

"काल गाजराचं सूप तर मिटक्या मारत प्यायलात."

"ते शिजलेलं होतं."

तो हसला. "म्हणजे गाजर उकळलं की सुधारतं म्हणा."

ती काहीतरी सुनावणार तेवढ्यात शिंक आली. पाठोपाठ आणखी चार. ती मोजणीदार होती आणि गेले तीन आठवडे शहराबाहेरची पडीक जमीन मोजत होती. तिथे तण कमरेएवढं माजलं होतं. यंत्राची तिपाई रोवायची तरी आधी ते तुडवावं लागे, आणि तुडवलं की पिवळसर भुकटी उडे. नाक-डोळ्यांचं एक वेळ समजण्यासारखं होतं. पण गेल्या वर्षीपासून कच्चं गाजर तोंडात गेलं, की ओठ चुरचुरायचे, जिभेला मुंग्या यायच्या, घसा आतून खाजायचा. अर्ध्या तासात सगळं शांत. डॉक्टरकडे पोचेपर्यंत दाखवायला काही उरतच नसे. एकाने पित्त सांगितलं. दुसऱ्याने झोप वाढवा म्हणून सांगितलं.

संध्याकाळी आईने डबा उघडला.

"परत आणलास? डोळ्यांना चांगलं म्हणून किसून देते मी."

"आई, त्रास होतो मला. किती वेळा सांगू?"

"शिजवलेलं बरं चालतं! हे कसलं दुखणं, गॅस पेटवला की पळून जाणारं?"

वर्तमानपत्राआडून बाबा हसले. डबा आपटावा असं तिला वाटलं. तिने तो घासला. मग स्वच्छ झालेला तोच डबा पुन्हा घासला.

सोमवारी रजा टाकून ती ॲलर्जीच्या डॉक्टर बाईंकडे गेली. त्यांनी तिच्या हातावर ओळीने थेंब ठेवून प्रत्येकातून सुई टोचली. पंधरा मिनिटांनी एका थेंबाच्या जागी लालबुंद गांध उठली होती. तणाच्या परागाचा थेंब.

"या परागातलं एक प्रथिन आणि कच्च्या गाजरातलं प्रथिन दिसायला जवळजवळ सारखं," बाई म्हणाल्या. "तुमचं शरीर गाजरालाच तण समजतं. शिजवलं की ते प्रथिन मोडतं. काकडी, खरबूज यांनीही असं होऊ शकतं. ज्याने खाजेल ते कच्चं खायचं नाही. आणि कधी श्वास अडला, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा."

"म्हणजे मी नाटक करत नव्हते."

बाईंनी मान वर केली. "कोण म्हणालं?"

तिने बाईंनी दिलेला अहवालाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

घरी येताना तिने वाक्यं जुळवली. पहिलं आईसाठी, दुसरं बाबांसाठी, एक चांगलं झणझणीत आरेखकासाठी राखून ठेवलं. घरी आई-बाबा टेबलाशी बसून खरबूज खात होते. तिने पर्स खांद्यावरून न काढताच कागद उघडला आणि नको इतक्या मोठ्या आवाजात वाचून दाखवला.

आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"जिभेला मुंग्या, घशाला खाज. हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? ते तर सगळ्यांनाच होतं."

"काय होतं?"

"हेच. खरबूज खाल्लं की घसा खाजतोच. दोन घोट पाणी प्यायचं नि गप्प बसायचं. त्याचा असा बाऊ करतं का कुणी?"

तिची जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. कागद टेबलावर ठेवून ती खुर्ची ओढून बसली.

"आई, सगळ्यांना नाही होत."

"होतं गं." आई बाबांकडे वळली. "अहो, तुमचा नाही का खाजत?"

"काय?" बाबांचं तोंड भरलेलं होतं.

"घसा. खरबुजाने."

"खरबुजाने कशाला खाजेल घसा?" असं म्हणून त्यांनी दुसरी फोड उचलली.

आई त्यांना चावताना बघत राहिली, फोड संपेपर्यंत. मग हातातली फोड तिने ताटलीत ठेवली, पदराने ओठ टिपले आणि कागद लेकीकडे सरकवला.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. "सावकाश."