चेअरमनच्या नाकाचं दुसरं ऑपरेशन

मित्रांनो, मी एक जुनं नाक आहे. नेकनूरकडच्या एका गावात, साखर कारखान्याचे चेअरमन मोहनराव यांच्या तोंडावर माझा मुक्काम. जन्मतःच माझ्या मधोमध बाभळीसारखी गाठ होती आणि त्या गाठीतच माझी करामत होती. मला जमिनीखालचं पाणी हुंगता यायचं. पाणाडे तळहातावर नारळ धरून फिरत. मोहनराव नुसतं मला पुढं करून चालत. मी शिंकलो की तिथं खोदायचं. छत्तीस विहिरी माझ्या शिंकेवर लागल्या. एकदा तर आधी पाणी वर आलं, मग कुदळ शोधली.

पुढं कारखान्याच्या कॅलेंडरवर साहेबांचा फोटो छापला. त्यात साहेब कमी, मीच जास्त. त्यांनी पुण्याला जाऊन मला तासून घेतलं. तरी डावीकडं हरभऱ्याएवढी गाठ उरली आणि शेंडा कलला.

टँकरच्या रांगेत गावातली बायनाबाई म्हणाली, "साहेब पालीला निघाले तरी नाक माजलगावच्या गाडीत बसतंय."

रांग हसली.  पण त्या हरभऱ्यात पाणी हुंगायची थोडी ताकद अजून शिल्लक होती.

त्या साली दुष्काळ वाढला, छत्तीसच्या छत्तीस विहिरी आटल्या. सोसायटीनं बोअरची गाडी ठरवली. ती एकदाच येणार, एकच भोक पाडणार. पाणी लागलं तर गाव राहणार, नाहीतर म्हाताऱ्यांसकट ऊसतोडीला जाणार. साहेबांना मात्र नव्या कॅलेंडरची घाई. दुसरं ऑपरेशन करावं का, म्हणून दिवसभर आरसा.

बायनाबाई बंगल्यावर आली. "बोलले ते पोटात घाला, साहेब. पर गाडी येऊन जाऊ द्या, मंग काय कोरायचं ते कोरा."

"ऐका की तिचं," साहेबांच्या पत्नी रुक्मिणीबाई म्हणाल्या. "डॉक्टरबी म्हणले, वर्षभर थांबा."

मोहनराव आरशातूनच बोलले, "हसायलाबी हेच नाक पाहिजे, अन् पाणी प्यायलाबी हेच व्हय गं?"

दुसऱ्या दिवशी ते पुण्याला गेले.

बोअरची गाडी आली तेव्हा मी सरळसोट होतो. मला तिच्या डिझेलचासुद्धा वास येईना. तसं कबूल करायला चेअरमनची जीभ वळेना. त्यांनी पाठ फिरवून तपकीर ओढली. मी शिंकलो. गाडी तिथंच लागली. पाचशे फूट नुसता फुफाटा निघाला.

बायनाबाईनं डोक्यावरची पांढरी भुकटी झटकली. "नाक लई देखणं झालंय, साहेब. तान लागली की ह्याच्याकडंच बघताव आमी."

आठवड्यात गाव रिकामं झालं. कारखान्याच्या माणसानं नवी कॅलेंडरं दारोदार कुलपांना अडकवली. त्यांवर मी ओळंब्यासारखा सरळ आहे.

मित्रांनो, आपल्या नाकाला जपा. लोक हसले तर हसू द्या. हसायला गावात माणसं असावी लागतात. मला आता कुणीच हसत नाही.