माळ्यावरची हिरवी अक्षरं

वासू मास्तरानं त्र्याण्णव साली घराच्या माळ्यावर कॉम्प्युटर चढवला, तेव्हा अख्खं अणशी गाव शिडीखाली जमलं होतं. सरकारी परवान्याचा रेडिओ त्याला जोडलेला, फणसावर एरियल, आणि मध्ये कुठंही तार नाही. तरी दूरदेशीचं कुणी बोललं की पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. वासूची आई पारू लांबूनच हात जोडायची. "भुताटकी हाय ही," म्हणायची.

पण पुढच्या वैशाखात तीच पारू माळ्यावर ठाण मांडून बसली. धाकटा परशू मालवाहू जहाजावर होता, आणि दूरच्या समुद्रात वादळ झाल्याचं ऐकल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. वासूनं कसंबसं त्या जहाजावरच्या रेडिओवाल्याला गाठलं.

"आये, परशूला काय इचारू?"

"जेवला काय म्हणून इचार."

वासूला हसू आलं, पण त्यानं तेच टाइप केलं.

कौलं तापून माळ्याची भट्टी झाली होती. दोघंही घाम पुसत पडद्याकडे बघत राहिली. अक्षरं आली! वासू वाचू लागला, "वादळात सापडलो हुतो. मी..." आणि पडदा थरथरायला लागला.

पारूला यंत्राची ही खोड ठाऊक होती. पावसाळ्यात ओल चढली की ते असंच थरथरायचं. मग कंदांचं बियाणं कोरडं राहावं म्हणून ठेवतात तशी ती खाली चूल पेटती ठेवायची, आणि यंत्र ताळ्यावर यायचं. वासूला न विचारता ती खाली धावली, चुलीत लाकडं सारली आणि जीव खाऊन फुंकणी फुंकली. वर यंत्रानं मान टाकली.

"आये, काय केलंस ह्ये! ओल न्हाई, उष्मा बाधलाय त्येला!"

लेकाचं बोलणं तिनंच अर्ध्यात तोडलं होतं. त्या 'मी'च्या पुढं काय होतं, देव जाणे.

पण रडत बसणारी बाई नव्हती ती. तिनं घागर चुलीत उपडी केली. वासूनं आढ्याजवळची कौलं उतरवली, ओली गोणपाटं पसरली. पारू सूप घेऊन यंत्राला वारा घालत बसली, तापानं फणफणलेल्या लेकराला घालावा तसा.

उन्हं कलल्यावर यंत्र जागं झालं. वासूनं पुन्हा जहाजाला हाक घातली. बराच वेळ नुसती खरखर. मग रेडिओवाल्यानं निरोप पहिल्यापासून धाडला. रिकाम्या काळ्या पडद्यावर एकेक अक्षर उगवू लागलं. पारूला वाचता येत नव्हतं, तरी ती श्वास रोखून प्रत्येकाकडे बघत होती. एवढा समुद्र, एवढं रान ओलांडून ती अक्षरं तिच्या माळ्यावर येत होती.

वासूनं वाचून दाखवलं, "वादळात सापडलो हुतो. मी बरा हाय. आत्ताच जेवलो, आये."

पारूनं पदराला हात पुसले आणि शेवटच्या अक्षरांना हलकेच बोटं लावली. कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली.

"वासू," ती म्हणाली, "आता मला बी पेज वाढ."